आधी वही वाचा, मग पेटी मागवा

पत्र थोडक्यात: सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच. मुलाला दुसरीत असताना शाळेतून काढलं आणि गेलं दीड वर्ष त्या त्याला घरीच शिकवतात. तो वाचतो बऱ्यापैकी, गोष्टी रंगवून सांगतो, पण इंग्रजी स्पेलिंगचा विषय निघाला की वही मिटतो. आतापर्यंत तीन प्रकार करून झाले: जुन्या शाळेतल्या शब्दयाद्या, डाउनलोड केलेलं एक अमेरिकन वर्कबुक आणि मोबाइलवरचं एक अ‍ॅप. आता परदेशातून एक अभ्यासक्रमाची पेटी मागवायचं मनात आहे. त्यात अक्षरांच्या टाइल्स आहेत, नियमांची कार्डं आहेत, आईने काय बोलायचं हेसुद्धा लिहून दिलेलं आहे. कस्टम्स धरून खर्च पंधरा हजारांच्या घरात जातो. घ्यावी का? घेतली तर पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचं का? धाकटीलाही बरोबरच बसवायचं का? गेल्या महिन्यात घरच्या मुंजीत आजोबांनी पाहुण्यांसमोर मुलाला 'एलिफंट'चं स्पेलिंग विचारलं आणि मुलगा बाथरूममध्ये जाऊन बसला. "शाळेतून काढलं, आता हे असंच होणार," असं कुणीतरी म्हणालं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. पत्रासोबत मुलाच्या वहीच्या तीन पानांचे फोटो आहेत, दोन इंग्रजीची आणि एक मराठीचं.

---

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यातली साडेतीन पानं पेट्यांबद्दल आहेत. कुठली पेटी कोण वापरतं, कुणाचा मुलगा कुठल्या लेव्हलला आहे, कुठल्या पेटीत किती टाइल्स. मुलाच्या वहीबद्दल मात्र एकच ओळ: "किती चुका आहेत ते तुम्हीच बघा."

मी बघितल्या. जेवण झाल्यावर चष्मा पुसून फोटो मोठे करून बसले, आणि तासभर माझा फार छान गेला. तुम्हाला त्या पानांवर लाल शाई दिसते, हे मला कळतं. मला तिथे एक हुशार, कानाने विचार करणारा मुलगा दिसला. ते कसं, ते आधी सांगते. पंधरा हजारांचा प्रश्न त्यातूनच सुटेल.

पहिल्या पानावर मांजराची गोष्ट आहे. मांजराने भिंतीवर उडी मारली, त्याला व्हॅन दिसली, मित्राने त्याला टेबलाखाली पाणी दिलं. यात 'कॅट' के-ए-टी आहे. 'जम्प्ड' जे-यू-एम-पी-टी आहे. 'व्हॅन' डब्ल्यू-ए-एन, 'फ्रेंड' एफ-आर-ई-एन-डी, 'वॉटर' डब्ल्यू-ओ-टी-आर, 'टेबल' टी-ई-बी-एल.

आता 'जम्प्ड' हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. शेवटी तोंडातून काय बाहेर पडलं? ट. आपण देवनागरीत 'ड' लिहितो आणि इंग्रजीत ई-डी, पण जीभ 'ट'च म्हणते. मुलाने जे ऐकलं ते इमानेइतबारे उतरवलं. भूतकाळाचा ई-डी तीन तऱ्हांनी उच्चारला जातो, 'जम्प्ड'मध्ये ट, 'प्लेड'मध्ये ड आणि 'वॉन्टेड'मध्ये इड, आणि लिहिताना मात्र तिन्हीकडे ई-डीच येतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. एकदा सांगितलं की एका दुपारी दहा-वीस शब्द आपोआप सुधारतील.

'टेबल' आणि 'वॉटर' तर अस्सल मराठी चुका आहेत. कुठल्याही परदेशी पेटीच्या पुस्तकात त्यांचं कारण सापडायचं नाही. आपल्या 'क'च्या पोटात 'अ' आधीच बसलेला असतो. मुलाला वाटतं, टी-आर लिहिलं की 'टर' झालं, बी-एल लिहिलं की 'बल' झालं. देवनागरीच्या हिशोबाने त्याचं बरोबर आहे. त्याला एवढंच सांगायचं की इंग्रजी अक्षराच्या खिशात 'अ' नसतो, तो वेगळा लिहावा लागतो. शब्दाच्या प्रत्येक तुकड्यात एक तरी स्वराचं अक्षर हवंच. 'टेबल', 'ॲपल', 'बॉटल' यांच्या शेवटी एल-ई येतं आणि तो ई तोंडाने काही बोलत नसला तरी ही ड्यूटी करत असतो. मुलांना ही 'ड्यूटी' फार आवडते.

'व्हॅन'चा घोटाळाही आपलाच. इंग्रजीत दोन वेगळे आवाज आहेत, आपल्याकडे दोन्हीसाठी एक 'व'. बहुतेक घरांत मोठी माणसंही दोन्ही सारखेच बोलतात, तर मूल फरक ऐकणार कुठून? इथे आरसा घ्या. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू होतो. तरीही गोंधळ राहील, आणि ते शब्द मग लक्षात ठेवूनच शिकावे लागतील. 'कॅट'साठी मात्र साधा नियम आहे: ई, आय आणि वाय यांच्या आधी सी आला की तो बहुधा 'स' बोलतो, म्हणून तिथे 'क' हवा असेल तर के लागतो. 'किट', 'कीप', 'स्काय'. ए, ओ, यू यांच्या आधी बहुतेक वेळा सी चालतो.

उरला 'फ्रेंड'. तो पाठ करायचा. 'फ्राय-एंड' म्हणून, जसं आपण सगळ्यांनी 'वेड-नेस-डे' म्हणून केलं.

म्हणजे सहा चुका आणि त्यातल्या पाचांना कारण आहे. तुमच्या तीन अभ्यासक्रमांनी या सहाही चुकांवर एकच उपाय केला: पुन्हा लिही.

तोच उपाय मीही वर्षानुवर्षं केला आहे. पेठेतल्या एका शाळेत प्राथमिकला इंग्रजी शिकवायचे तेव्हा चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणं हा माझा नेम होता. एक दिवस बाकांमधून फिरताना एका मुलीच्या खांद्यावरून डोकावले. तिला 'बिकॉज' दहा वेळा लिहायचा होता. तिने आधी वरून खाली दहा बी काढले. मग त्यांच्या शेजारी दहा ई. मग दहा सी. भराभर, विटा रचल्यासारखे. शब्द तिने एकदाही लिहिला नव्हता, सात अक्षरांचे सात खांब उभे केले होते. सोमवारी पुन्हा 'बिकॉज' चुकला, नेहमीसारखा यू गळालेला. तिचं काही चुकलं नव्हतं, दिलेलं काम तिने सर्वांत कमी त्रासात केलं होतं. दहादा लिहिण्याची शिक्षा मी त्यानंतर बंद केली, पण त्याआधी किती मुलांच्या वह्यांत असे खांब उभे राहिले असतील, देव जाणे.

आता दुसरं पान. ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथल्या चुकांची जात वेगळी आहे. 'ग्रास' जी-ए-एस, 'स्टॉप' एस-ओ-पी, 'प्लांट' पी-ए-टी. इथे आवाजच गळाले आहेत. 'ग्रास'मधला र, 'स्टॉप'मधला ट, 'प्लांट'मधले ल आणि न. पहिल्या पानावरची चूक म्हणजे 'ऐकलं बरोबर, पण इंग्रजीची रीत माहीत नाही'. दुसऱ्या पानावरची चूक म्हणजे 'आवाज सुटे करून ऐकूच आले नाहीत', किंवा ऐकले पण लिहीपर्यंत निसटले. पहिल्या जातीला नियम लागतो. दुसऱ्या जातीला नियमांची कितीही कार्डं दिलीत तरी उपयोग नाही, तिथे कानाचं काम करावं लागतं. एक चौकशी करा, हे दुसरं पान संध्याकाळी, दमल्यावर लिहिलेलं आहे का? अक्षर तसं वाटतंय.

कानाच्या कामासाठी आपल्याकडे जोडाक्षर आहे. मूल 'ग्र' हे एक अक्षर म्हणून बघतं, त्यामुळे त्याला तो एकच आवाज वाटतो. पाय मोडून दाखवा: 'ग्रास' म्हणजे ग्, र्, आ, स्. प्रत्येक आवाजाला एक चिंचोका पुढे सरकवायचा. चार चिंचोके झाले की मग प्रश्न, या चार जागी इंग्रजीतली कुठली अक्षरं बसवायची? रोज असे पाच शब्द, लिहिणं नाही, पाच मिनिटांत खेळ संपला पाहिजे. वर्णमाला उच्चारांच्या जागांप्रमाणे लावलेली आहे, क-वर्ग कंठातून, प-वर्ग ओठांतून, आणि हे मुलाला माहीत असेल तर अर्धं काम झालेलं असतं. घरात मराठी बोलल्याने इंग्रजी मागे पडतं, असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. या बाबतीत तरी मला उलटं दिसतं.

आणखी एक छोटी तपासणी. दुसऱ्या पानावरचेच शब्द त्याला कागदाच्या अक्षर-तुकड्यांनी लावायला सांगा, पेन्सिल न देता. तुकड्यांनी बरोबर लागले आणि लिहिताना चुकले, तर अडचण हाताची आहे. अक्षर काढण्यातच त्याचं बळ संपत असेल आणि स्पेलिंगला काही उरत नसेल. मग उपाय पुन्हा बदलतो.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "इंग्रजीला नियमच नाहीत, शेवटी पाठांतरच." हे पुण्यातल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. १९६६ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी सतरा हजारांवर इंग्रजी शब्द संगणकात घालून बघितले. फक्त उच्चारावरून अक्षर ठरवण्याचे नियम दिले, तर निम्म्या शब्दांचं स्पेलिंग पूर्ण बरोबर आलं आणि आणखी छत्तीस-सदतीस टक्क्यांत एकाच आवाजाची चूक झाली. शब्दाचा अर्थ किंवा त्याचं मूळ कशाशी खातात हे त्या यंत्राला माहीत नव्हतं, तरी एवढं. तेव्हा पाठांतर लागतं, पण ते शेवटच्या घासाला. आणि 'आपलं मराठी बघा कसं, बोलतो तसं लिहितो' हेही जरा जपूनच म्हणावं. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळा बोलून एकच लिहिणारे आपणच.

आता पेट्या. बाजारात शेकडो नावं असली तरी प्रकार चार-पाचच आहेत, आणि मी नावांपेक्षा प्रकारांबद्दल बोलते.

एक म्हणजे सोमवारी यादी, शुक्रवारी परीक्षा. ज्याला स्पेलिंग मुळातच येतं त्याच्यासाठी ठीक. तुमच्या मुलाला शुक्रवारी दहापैकी आठ येतील आणि पुढच्या बुधवारी तीन. तुम्ही हे अनुभवलेलंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

दुसरा प्रकार उतारा बघून लिहिण्याचा आणि तयारी करून घेतलेल्या श्रुतलेखनाचा. होमस्कूलिंगच्या मंडळींत शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंचं नाव निघतं ते यासाठीच. सुंदर पद्धत आहे, भाषा कानात आणि डोळ्यांत मुरते. पण यात मूल नियम स्वतः टिपेल असं गृहीत धरलेलं असतं. ज्याला अडचण आहे ते मूल नेमकं तेच टिपत नाही. म्हणून जोडीला ठेवा, एकट्यावर भिस्त नको.

तिसरी तुमची पेटी, म्हणजे नियम आणि आवाज क्रमाने, उघडपणे, हाताने-कानाने-डोळ्याने शिकवणारी. तिच्या जाहिरातीत ऑर्टन-गिलिंगहॅम हे जोडनाव असणार. सॅम्युअल ऑर्टन मेंदूचे डॉक्टर, अ‍ॅना गिलिंगहॅम शिक्षिका, आणि १९३० च्या दशकात वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या कामातून ही पद्धत आली. हे पद्धतीचं नाव आहे, कुणा एका पेटीचं नाही. त्यामुळे ते छापलेल्या सगळ्याच पेट्या सारख्या नसतात. मला ही पद्धत पटते, माझ्या हातून तिने मुलं मार्गी लागली आहेत. तरी डोळे उघडे ठेवून घ्यावं, म्हणून सांगते: २०२१ मध्ये या पद्धतीवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात फायद्याच्या बाजूने थोडा कल दिसला, पण ठामपणे म्हणता येईल एवढा नाही. दुसरीकडे २०१४ च्या एका आढाव्यात त्रेपन्न अभ्यास एकत्र पाहिले, तर स्पेलिंग मुद्दाम, रीतसर शिकवलेल्या मुलांचं स्पेलिंग न शिकवलेल्यांपेक्षा निश्चित सुधारलेलं आढळलं. दोन्ही शेजारी ठेवून मी असा अर्थ काढते की रीतसर शिकवण्याने फरक पडतो, पेटीवर छापलेल्या नावाने पडतोच असं नाही.

अ‍ॅपबद्दल काय बोलू? चार पर्यायांतून बरोबर स्पेलिंगवर बोट ठेवणं आणि कोऱ्या कागदावर ते लिहिणं यांत तुळशीबागेत साडी बघणं आणि ती नेसणं एवढा फरक आहे.

तेव्हा माझं मत: पेटी आत्ता मागवू नका. सहा आठवडे थांबा. दीड वर्षात तीन अभ्यासक्रम बदलले, प्रत्येकाचा क्रम निराळा, आणि प्रत्येक वेळी मूल पुन्हा पहिल्या पायरीवर. त्याला वाटत असेल, आपण काही पुढे जातच नाही. पेटी चौथी होईल, आणि ती वाईट असेल म्हणून नाही, तर सातव्या आठवड्यात तुम्हीच दमाल म्हणून बंद पडेल.

या सहा आठवड्यांत घरचीच पेटी करा. अप्पा बळवंत चौकातून दोन रंगांचे कार्डशीट आणा. स्वर लाल, बाकीची अक्षरं निळी. एस-एच, सी-एच, टी-एच, सी-के या जोड्या एकेका तुकड्यावर, कारण आवाज एकच आहे. ताटात पातळ रांगोळी पसरा आणि नवा शब्द बोटाने तीत लिहू द्या, तोंडाने आवाज म्हणत. परदेशी पुस्तकात याला मोठं नाव असतं, आपल्याकडे पोरं धूळपाटीवर हेच करत होती.

रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून. पाच मिनिटं चिंचोके. मग एक नियम, आणि तो आठवडाभर तोच. तुमच्या मुलासाठी मी क्रम असा लावीन: आधी सी आणि के, मग 'खिशात अ नाही', मग एल-ई, मग ई-डी. त्या नियमाचे चार-पाच शब्द, यादी तेवढीच. शब्द बघायचा, झाकायचा, आठवून लिहायचा, उघडून ताडायचा. एकदाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. विसरायच्या बेताला आलेली गोष्ट आठवावी लागली की ती पक्की होते, समोर बघून दहादा उतरवल्याने नाही. शेवटी एक वाक्य श्रुतलेखन, शिकलेल्याच शब्दांचं, थोडं गमतीचं.

आणि चुकांची वही तुम्ही ठेवायची, त्याने नाही. तीन रकाने: आवाज गळाला, रीत माहीत नव्हती, पाठच करायला हवा. लाल शाई नको, चूक दिसली की नुसतं टिपायचं. तो स्वतःहून गोष्ट लिहीत असेल तेव्हा तर स्पेलिंगबद्दल अवाक्षर काढू नका. त्याने मांजराची गोष्ट लिहिली आणि तुम्ही त्यात सहा चुका मोजल्या, हे त्याला कळलेलं आहे.

सहा आठवड्यांनी रकाने बघा. दुसरा रकाना भरलेला असेल तर घरचीच पेटी पुढे चालवा, कमी पडलं तर एखादं साधं नियमांचं पुस्तक पुरेल. पहिला रकाना हटतच नसेल तर तुमची ती महागडी पेटी घेण्यात अर्थ आहे, कारण तिथे क्रम चुकवून चालत नाही आणि 'आज काय शिकवू' हा तुमचा रोजचा ताप वाचतो. पण तेव्हाही आधी पातळी ठरवण्याची चाचणी घ्या. बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांची ती फुकट मिळते. वयावरून किंवा इयत्तेवरून लेव्हल घेऊ नका, आणि 'पहिल्यापासूनच करू, पाया पक्का होईल' असंही नको, येत असलेलं तीन महिने पुन्हा करायला लावलं की मुलं रुसतात. होमस्कूलिंगवाल्या ओळखीच्या घरी ती पेटी असेल तर एक दिवस मांडी घालून तिथे बसा. चाळिसाव्या दिवशी, कामवाली आलेली नाही आणि धाकटी तापलेली आहे, अशा दिवशी हा धडा मी घेईन का, हे स्वतःला विचारा. शिवाय ती अमेरिकन असेल तर 'कलर' यू शिवाय शिकवेल, आणि 'हॉट', 'वॉटर'चे उच्चार आपल्या कानाला परके असतील, ते तुम्हाला बदलून सांगावे लागतील.

धाकटीला बसवू नका. पाच वर्षांच्या मुलीचं काम आवाजांशी खेळायचं. 'म'ने सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू शोध, गाण्याच्या भेंड्या, 'कपाट'मधला क काढला तर काय उरलं. तिने मनाने इंग्रजी काहीबाही लिहिलं तर कौतुक करा आणि वाचून दाखवायला सांगा. इंग्रजी घरांतली तिच्या वयाची मुलं 'ट्रेन' सी-एच ने सुरू करतात हे १९७० च्या दशकातच अभ्यासकांनी टिपलं आहे. ट आणि र एकत्र आले की तो आवाज खरोखरच 'च'कडे झुकतो, म्हणून. ती बोबडी पावलं आहेत.

मराठीच्या पानाबद्दल थोडं. 'बहिण', 'नदि', 'फुल'. काळजी करू नका, यातलं तिसरं तर पुण्यातल्या अर्ध्या फुलवाल्यांच्या पाट्यांवर आहे. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं वेगळं करत नाही, त्यामुळे इथे कान कामाला येत नाही, नियमच लागतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: नदी. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ: बहीण, फूल. प्रत्यय लागला की तो आधीचा ऱ्हस्व: बहिणीला, फुलाला. 'गुण', 'विष' अशा संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचं वेगळं, ते नंतर. आठव्या वर्षी एवढं पुष्कळ झालं. मात्र इंग्रजीचा नवा नियम आणि मराठीचा नवा नियम एकाच आठवड्यात नको.

आता आजोबा. तुम्ही लिहिलंय की ते बँकेतून निवृत्त झाले, पंचाहत्तरीचे आहेत आणि मनाने वाईट नाहीत. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना काम द्या. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे चौदा नियम सरकारने मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असे अनुस्वार द्यायची पद्धत होती. म्हणजे आजोबा बारा-तेरा वर्षांचे असताना, जे न लिहिल्याबद्दल छडी बसायची तेच पुढे लिहिल्याबद्दल चूक ठरलं. त्यांना ते नक्की आठवत असेल. नातवाला सांगू दे. आणि बँकेत जन्मभर 'डेट', म्हणजे कर्ज, हा शब्द लिहिला त्यात बी का आहे, हेही. उच्चारात तो कधीच आला नाही, मूळ लॅटिन शब्दात बी आहे म्हणून पंडितांनी नंतर घुसवला. रोजचं एका वाक्याचं श्रुतलेखन आजोबांनी घालावं, अट एकच: तपासायचं नाही, ताडून बघायचं काम नातवाचं. पाहुण्यांसमोर मात्र पुन्हा कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्या, "आमच्याकडे स्पेलिंग तोंडी नसतं, लेखी असतं." हसत म्हणा. ते खरंही आहे. तोंडी अक्षरं म्हणत जाणं ही वेगळीच कसरत असते, लिहिताना बरोबर येणारी मुलंही तिथे गडबडतात.

तरीही, समजा तीन-चार महिने नेमाने करून पहिला रकाना तसाच राहिला, वाचतानाही तो ओळ सोडतोय, अंदाजाने शब्द म्हणतोय असं दिसलं, घरात आणखी कुणाला लहानपणी असाच त्रास होता, तर तपासणी करा. आधी डोळे आणि कान, साध्या डॉक्टरांकडे. मग अध्ययन अक्षमतेची. यात लपवण्यासारखं काही नाही, बुद्धीशी त्याचा संबंध नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अध्ययन अक्षमता, असलेल्या मुलांचं वाचन सुधारलं तरी स्पेलिंग बरीच वर्षं मागे रेंगाळतं, तेव्हा 'वाचतो तर खरं' यावर निर्धास्त राहू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. सरकारी प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. दहावी मुक्त विद्यालयातून द्यायची म्हणता, तिथे निदान चौदा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे हातात सहा वर्षं आहेत. प्रमाणपत्राचा उपयोग तेव्हा जादा वेळ वगैरे सवलतींसाठी होईल. पण समजून घेण्यासाठी तपासणी करायची असेल तर परीक्षेची वाट कशाला बघायची.

ते वाचलेले पंधरा हजार सध्या बाजूला ठेवा. सहा आठवड्यांनी वहीच्या पानांचे फोटो पुन्हा पाठवा, तुमचे तीन रकानेही पाठवा. आणि हो, मांजराची गोष्ट पान संपल्यामुळे अर्धी राहिली आहे. पाणी पिऊन ते परत भिंतीवर चढलं की व्हॅनच्या मागे गेलं, तेवढं त्याला विचारून कळवा.